शाळेतील स्वसंरक्षण-शिक्षण : कराटेतून काय घ्यावे आणि काय सोडावे

शाळांच्या वार्षिक स्नेहसंमेलनात लेझीम आणि मनोरे यांच्या जोडीने अलीकडे कराटेची प्रात्यक्षिके होऊ लागली आहेत. पांढऱ्या पोशाखातील मुली ओळीने उभ्या राहतात, शिक्षकाच्या हाकेसरशी हवेत ठोसे मारतात आणि शेवटी एखादी मुलगी मंगलोरी कौल हाताच्या एका फटक्याने फोडते. ग्रामस्थ टाळ्या वाजवितात. कार्यक्रम शोभिवंत होतो आणि मुलींच्या अंगी धिटाई येते, यात शंका नाही. परंतु एवढ्यावरून त्या मुलींना स्वसंरक्षण शिकविले असे म्हणता येईल काय? कौल उलट मारीत नाही, ते मनगट धरीत नाही, आणि मुख्य म्हणजे ते मुलीच्या ओळखीचे नसते.

हा प्रश्न आता शारीरिक शिक्षणाच्या तासापुरता राहिलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेच्या शिशुवर्गातील दोन बालिकांवर शाळेतच लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी हा त्याच शाळेत साफसफाईच्या कामावर नेमलेला इसम होता. तक्रार नोंदविण्यास विलंब झाल्याने लोकांचा क्षोभ अनावर झाला आणि २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. लोकल गाड्या कित्येक तास बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि घटना कळूनही शाळेने ती पोलिसांना कळविली नाही याबद्दल कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. विलंबास जबाबदार धरलेल्या पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले आणि संस्थेच्या चालकांवरही न कळविल्याबद्दल गुन्हा दाखल झाला.

अशी घटना घडली की पालकांच्या तोंडी पहिली मागणी येते ती कराटेच्या वर्गाची. मागणी गैर नाही. परंतु बदलापूरच्या त्या बालिका सुमारे चार वर्षांच्या होत्या. चार वर्षांच्या बालिकेने कोणता ठोसा मारावयाचा होता? तिच्या हाती जे होते ते तिने केले : तिने घरच्या माणसांना सांगितले. पुढचे सर्व काम मोठ्यांचे होते. म्हणून स्वसंरक्षणाच्या शिक्षणाचा विचार करताना दोन गोष्टी एकत्रच घेतल्या पाहिजेत. धोका ओळखणे, ओरडणे, सुटणे, पळणे आणि सांगणे हे मुलाने शिकावयाचे. आणि ऐकून घेऊन ताबडतोब कृती करणे हे शिक्षकाने शिकावयाचे. यांतील पहिल्या भागास कराटेचे साहाय्य होऊ शकते. दुसऱ्या भागावाचून पहिला भाग व्यर्थ आहे.

कराटे मुळात कशासाठी होते हे पाहिल्यास त्यातील काय घ्यावे हे ठरविणे सोपे जाईल. ही विद्या जपानच्या दक्षिणेस असलेल्या ओकिनावा बेटावरची. तेथील अंको इतोसू या वृद्ध गुरूने १९०१ च्या सुमारास ती प्रथम प्राथमिक शाळेत आणली आणि काही वर्षांतच शाळकरी मुलांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच सोपे क्रम रचले. १९०८ साली त्याने शिक्षण खात्यास पत्र लिहून ही विद्या शाळांतून शिकविण्याचा आग्रह धरला. त्याचा शिष्य गिचिन फुनाकोशी हा तर तुमच्या-आमच्यासारखा प्राथमिक शिक्षक होता. सुमारे तीस वर्षे त्याने ओकिनावातील शाळांत नोकरी केली आणि १९२२ साली टोकियोस जाऊन कराटेचे प्रात्यक्षिक केले. तेथून ही विद्या जगभर गेली. आज तालुक्याच्या गावी पांढरा पोशाख घालून जी मुले कवायत करतात, त्यांची परंपरा अशी एका शिक्षकापाशी जाऊन पोहोचते.

मात्र शाळेत येताना या विद्येचे रूप पालटले. शेपन्नास मुलांना एकाच मैदानात शिकवावयाचे म्हणजे हुकूम, ओळी आणि एकसाथ हालचाल आली. जुन्या कराटेत पकड सोडविणे, प्रतिपक्ष्याचा हात धरून ओढणे, जवळून कोपर वा गुडघा मारणे असे पुष्कळ काही होते. ते मागे पडले आणि दुरून मारावयाचे ठोसे व लाथा पुढे आल्या. पुढे क्रीडास्पर्धा आल्या, वजनाचे गट आणि पट्ट्यांचे रंग आले. टोकियो ऑलिंपिकमध्ये (ते २०२१ साली भरले) कराटेचा समावेशही झाला. खेळ म्हणून हे सर्व उत्तमच. परंतु खेळात प्रतिस्पर्धी समान वजनाचा असतो, समोर उभा असतो, आणि पंचाने हात वर करताच थांबतो. शाळेच्या वाटेवरचा किंवा घरातला मनुष्य यांतले काहीच करीत नाही.

कराटेच्या क्रमात ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी ओढून घेतात. मुलांना ती केवळ ऐट वाटते. अनेक अभ्यासकांच्या मते ती ऐट नसून, धरलेला हात आपल्याकडे खेचून घेण्याची ती क्रिया आहे. म्हणजे कवायतीच्या पोटात पकडीचे ज्ञान दडलेले आहे. जो प्रशिक्षक प्रत्येक हालचालीचा असा उपयोग दोघादोघांच्या जोड्या लावून करून दाखवितो, तो व्यवहारोपयोगी कराटे शिकवितो. जो केवळ आकडे मोजतो, तो कवायत घेतो. आपल्या शाळेसाठी प्रशिक्षक निवडताना हीच कसोटी लावावी.

समग्र शिक्षा योजनेखाली शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षण शिकविण्याची ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ ही तरतूद आहे, आणि केंद्राच्या निकषांप्रमाणे त्यासाठी शाळेस दरमहा ५,००० रुपयांपर्यंत निधी मिळू शकतो. तीन महिन्यांत कोणीही कराटेपटू होत नाही. ते होण्याची आवश्यकताही नाही. तथापि आठवड्यातून दोन तास मिळाले तरी तीन महिन्यांत चोवीस-पंचवीस तास होतात, आणि नीट वापरल्यास तेवढे पुष्कळ आहेत. ते पट्ट्याच्या परीक्षेच्या तयारीत खर्ची पडू नयेत, एवढे मुख्याध्यापकांनी पाहावे.

तर मग या तासांत घ्यावयाचे काय? माझ्या मते आरंभ हाताने न करता गळ्याने करावा. ग्रामीण शाळेतील मूल ओरडत नाही, कारण न ओरडण्याचे शिक्षण त्याला आपणच दिलेले असते. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हा हुकूम पहिलीपासून रोज कानी पडतो. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये, पाहुण्यांसमोर गप्प बसावे, गुरुजींनी सांगितले ते करावे, हे संस्कार वाईट नव्हेत. पण वाईट हेतूचा मनुष्य नेमका त्यांचाच फायदा घेतो. आठ-आठ वर्षे दाबलेला आवाज एका क्षणी आपोआप फुटेल अशी अपेक्षा करणे चूक आहे. त्याचा सराव व्हावा लागतो.

हा सराव असा घ्यावा. मुलांना मैदानात दोन ओळींत समोरासमोर उभे करावे. एका ओळीने हळूहळू चालत पुढे यावे. दुसऱ्या ओळीतील प्रत्येकाने, समोरचा दोन हातांच्या अंतरावर येताच, एक पाय मागे घेऊन, दोन्ही तळहात छातीसमोर उघडे धरून, पोटातून आवाज काढून ‘थांबा! जवळ येऊ नका!’ असे म्हणावे. प्रथम हसू येते. त्यास हरकत नाही; तिसऱ्या दिवशी हसू जाते आणि आवाज राहतो. उघडे तळहात हे भांडणाचे चिन्ह नव्हे, म्हणून पाहणाऱ्यालाही कोण कोणास अडवीत आहे ते कळते. शिवाय हात आधीच वर आलेले असल्याने पुढील हालचालीस वेळ लागत नाही.

ओरडावे काय, हेही शिकविले पाहिजे. नुसत्या किंचाळीकडे लोक पोरांचा खेळ समजून दुर्लक्ष करतात. उल्हासनगरच्या दुकानांनी गजबजलेल्या गल्लीत किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर, यंत्रांच्या नि वाहनांच्या आवाजात, तर ती विरूनच जाते. मुलाचा हात धरून ओढणारा मनुष्य पाहिला की लोकांस वाटते, बापच हट्टी पोराला घरी नेत असेल. म्हणून शब्द ठरलेले असावेत : ‘मी यांना ओळखत नाही! मला सोडवा!’ आणि ओळखीचा असेल तर ‘हे मला त्रास देतात! मला यांच्याबरोबर जायचे नाही!’ जमावातील एकाच माणसाकडे बोट दाखवून ‘लाल शर्टवाले काका, मला मदत करा’ असे म्हटल्यास तो मनुष्य सहसा जागचा हलतो. सर्वांना उद्देशून केलेली हाक कोणाचीच नसते. बारवी धरणाकडील पाड्यांसारख्या भागात, जेथे मुले आडवाटेने पायी येतात, तेथे ऐकणारेच कोणी नसेल. तेथे जोडीने चालणे आणि वाटेतील घरे पाठ असणे हे ओरडण्याहून उपयोगी. पाचवीच्या भूगोलाच्या तासाला घर ते शाळा असा नकाशा काढावयास सांगावा आणि त्यावर ‘धाव घेण्याजोगी’ घरे व दुकाने खुणेने दाखवावयास लावावे. कोणाच्या वाटेवर एकही खूण नाही, हे त्या नकाशांवरून शिक्षकास कळते. ती माहिती पालकसभेत मांडण्याजोगी असते.

आता पकडीविषयी. मनगट धरले असता मूल सहजप्रवृत्तीने मागे ओढते, आणि तेथे बलाची तुलना होऊन ते हरते. पकडीचा दुबळा भाग कोठे आहे हे प्रथम दाखवावे. मुठीत बोटे एकीकडे चार आणि दुसरीकडे एकटा अंगठा असतो. अंगठा व बोटे जेथे मिळतात तेथे फट असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवावी, मागे न जाता अर्धे पाऊल पुढे टाकावे, आपले कोपर धरणाऱ्याच्या कोपराकडे न्यावे आणि मग हात झटक्याने अंगठ्याच्या बाजूने बाहेर काढावा. दोन्ही हातांनी एक मनगट धरले असेल तर आपलीच मूठ दुसऱ्या हाताने धरून, अंगठ्यांच्या बाजूस, सर्व अंगाच्या जोराने ओढावी. आपल्या तालमीतील मल्लांस हे नवे नाही. गावात जुना पहिलवान असेल तर त्याला एक दिवस बोलवावे. पकड म्हणजे काय हे तो कोणत्याही पट्टेवाल्यापेक्षा चांगले सांगेल.

केस धरून ओढल्यास आपले दोन्ही हात त्या हातावर घट्ट दाबून धरावे म्हणजे वेदना कमी होते, आणि ओढ असेल त्या दिशेनेच जवळ सरकावे. मागून कवळा घालून उचलण्याचा प्रयत्न झाल्यास लहान मुलाने एकच करावे : बसकण मारावी. हट्टाला पेटलेले मूल भुईवर अंग टाकते तेव्हा त्याच्या आईला ते उचलत नाही, हे प्रत्येक घरात दिसते. तोच हट्ट येथे शस्त्र होतो. जवळ खांब, सायकल, दुसऱ्या माणसाचा पाय, जे असेल ते मिठीत धरावे. तोंडावर हात आला तर चावावे. भुईवर पडल्यास पाठीवर वळून पाय त्या माणसाकडे करावेत आणि गुडघ्यावर, नडगीवर लाथा माराव्यात.

प्रत्यक्ष प्रहार मी सहावीच्या पुढेच ठेवीन. त्यातही मुठीचा ठोसा शिकविण्यात अर्थ नाही. अप्रशिक्षित मुठीने कवटीवर मारले तर बहुधा मारणाऱ्याचीच बोटे मोडतात. तळहाताचा मनगटाजवळचा भाग कणखर असतो. त्याने नाकावर वा हनुवटीखाली मारावे. जवळ असल्यास कोपर आणि गुडघा. चप्पल वा बूट असल्यास टाच त्याच्या पावलावर. चार-पाच प्रहारांहून अधिक शिकवू नयेत. घाबरलेल्या मनास निवड करावयास लावणे म्हणजे त्यास थांबविणे होय. आणि प्रत्येक सरावाचा शेवट धावण्याने व्हावा : सुटणे, धावणे, ठरलेल्या मोठ्या माणसास हात लावून झाले ते सांगणे. एक प्रहार करून मुलगी जागीच ऐटीत उभी राहिली तर तो सराव अपुरा समजावा.

कायद्याच्या दृष्टीनेही हेच योग्य आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४ पासून) हिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या व इतरांच्या शरीराच्या रक्षणाचा हक्क दिलेला आहे. मात्र संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणासही नाही. सुटका झाल्यावर मागे वळून मारणे हे संरक्षण नव्हे. मोठ्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, हे स्पष्ट सांगावे.

मुलग्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. शासनाची उपरोक्त तरतूद मुलींसाठी आहे. पण केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, १३ राज्यांतील १२,४४७ बालकांपैकी ५३ टक्क्यांहून अधिकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि अशांमध्ये निम्म्याहून अधिक मुलगे होते. त्याच पाहणीत असे दिसले की छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते. तेव्हा मुली मैदानात कराटे शिकत असताना मुलग्यांना क्रिकेट खेळावयास सोडणे, ही सोय दोघांच्याही तोट्याची आहे. मुलग्यांनी आणखी एक शिकावयाचे असते : समोरच्याने ‘थांब’ म्हटले की थांबणे. जोडीच्या सरावात ते आपोआप शिकविता येते. जोडीदाराने दोनदा थाप मारली की पकड तत्क्षणी सोडावयाची, हा नियम पहिल्या दिवसापासून अभंग ठेवावा.

ओळखीच्या माणसासंबंधीचे शिक्षण मैदानात पुरे होत नाही. ते वर्गात, आणि पहिलीपासूनच, व्हावे लागते. शरीराचे अवयव शिकविताना आपण डोळे, गुडघा, पोटरी असे घडाघडा म्हणवून घेतो आणि कपड्याखालचे भाग गाळतो. ज्या भागाला नावच नाही त्याविषयी मूल तक्रार कशी करणार? चड्डीखालील व कपड्याने झाकलेले भाग खासगी आहेत. स्वच्छतेसाठी आई वा उपचारासाठी डॉक्टर, तेही घरचे माणूस समोर असताना, एवढेच अपवाद. आणि स्पर्शाविषयी कोणी ‘हे गुपित ठेव’ म्हणाले तर ते गुपित मुळीच ठेवावयाचे नाही, हे तीन नियम लहान मुलांस समजतात. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही विभागणी प्रचलित असली तरी लहान मूल गोंधळते, कारण वाईट हेतूचा स्पर्श प्रारंभी लाडाचाच असतो. चाइल्डलाइनचा ‘कोमल’ हा छोटा चित्रपट वर्गात दाखविण्यास उपयोगी पडतो. मात्र तो दाखवून शिक्षकाने उठून जाऊ नये. चित्रपट संपल्यावर जे मूल रेंगाळते त्याच्यासाठी थांबावे.

अशा शिक्षणाचा खरोखर उपयोग होतो काय, असा प्रश्न काही शिक्षकांच्या मनात येईल. कॅनडातील तीन विद्यापीठांत सुमारे ९०० विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या विद्यार्थिनींना बारा तासांचे शिक्षण दिले : ओळखीच्या माणसापासूनचा धोका कसा ओळखावा, संकोच कसा मोडावा, आणि शरीराने प्रतिकार कसा करावा. उरलेल्यांना नेहमीप्रमाणे माहितीपत्रके देण्यात आली. वर्षभरात माहितीपत्रके मिळालेल्यांपैकी ९.८ टक्के विद्यार्थिनी बलात्काराच्या बळी ठरल्या. शिक्षण घेतलेल्यांत हे प्रमाण ५.२ टक्के होते. (छापील पुस्तिकेच्या पानावर हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.) त्या विद्यार्थिनी वयाने मोठ्या होत्या, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्या पाचवीच्या वर्गास लावता येणार नाहीत. तरीही दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, बारा तास पुरले. दुसरी, त्या बारा तासांत नुसती मारामारी नव्हती.

सरावाच्या व्यवस्थेविषयी थोडे. पोशाख रोजचाच असावा. गणवेश, पाठीवर दप्तर, पायांत चप्पल अशा स्थितीत मुलगी धावू शकते काय, हे सरावातच कळले पाहिजे. संकटाच्या वेळी ती पांढरा पोशाख घालून येणार नाही. बांगड्या व कानांतले काढून ठेवावे, फरसबंदीवर न घेता मातीत सराव घ्यावा, आणि मान पिरगळणे वा सांधे मोडणे यांसारखे प्रकार प्राथमिक शाळेत कोणी शिकवू लागल्यास वर्ग तेथेच थांबवावा. पकड प्रथम सैल, मग घट्ट. पण खोटी नसावी. समवयस्क जोडीदार सवयीने लगेच हात सोडतो आणि मुलीस आपण सुटलो असा भ्रम होतो. म्हणून अधूनमधून शिक्षिका किंवा माता-पालक यांनी पकड घ्यावी.

प्रशिक्षक बाहेरचा असल्यास त्याची पोलीस पडताळणी झालेली असावी, आणि वर्ग चालू असताना शाळेतील एक शिक्षक, मुलींच्या वर्गास शिक्षिका, अखेरपर्यंत मैदानात हजर असावी. पवित्रा दुरुस्त करण्यासाठी मुलाला हात लावावयाचा झाल्यास प्रशिक्षकाने आधी विचारावे. ही अट त्यास अपमानास्पद वाटत असेल तर तो आपल्या कामाचा नव्हे. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना कर्मचाऱ्यांची पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांविषयी आदेश दिले, आणि अनुचित घटना घडल्यास चोवीस तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन घातले. त्यातील सखी सावित्री समितीचा निर्णय तर मार्च २०२२ चाच होता. समितीचा फलक लागला, एवढ्यावर समिती झाली असे मानू नये. तक्रारपेटीविषयी इतकेच सांगतो की तिची किल्ली एकाच माणसाकडे नसावी, आणि ती मुख्याध्यापकांच्या कार्यालयाच्या दाराशी तर मुळीच नसावी. तेथे चिठ्ठी टाकताना सर्व जग पाहते.

एक धोका या शिक्षणातूनच उत्पन्न होतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. भयाच्या क्षणी कित्येकांचे शरीर ताठ होते, आवाज फुटत नाही, हात उचलत नाही. ही भित्रेपणाची खूण नसून शरीराची अनैच्छिक क्रिया आहे. शिकलेल्यांच्या बाबतीतही ती घडते. अशा मुलीस पुढे कोणी ‘तू कराटे शिकली होतीस ना? मग मारले का नाहीस?’ असे विचारले तर आपले सर्व शिक्षण तिच्यावरच उलटले असे होईल. म्हणून पहिल्याच तासाला आणि नंतर पुनःपुन्हा सांगावे : सुटता आले तर सुटा, ओरडता आले तर ओरडा, यांतले काहीच जमले नाही तरी चूक तुमची नाही; नंतर सांगा, केव्हाही सांगा. पालकसभेतही हे सांगावे, कारण तो प्रश्न बहुधा घरातच विचारला जातो.

मूल सांगावयास येते तेव्हा शिक्षकाची परीक्षा असते. मूल सरळ सांगत नाही. पोट दुखते म्हणते, एका विशिष्ट खोलीत जाण्यास नकार देते, किंवा मैत्रिणीच्या नावाने सांगते. अशा वेळी हातचे काम बाजूस ठेवावे, शांतपणे ऐकावे, ‘सांगितलेस ते बरे केलेस’ एवढे म्हणावे. खोदून खोदून विचारू नये, चार शिक्षकांसमोर पुन्हा वदवून घेऊ नये, आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्यासमोर तर कदापि उभे करू नये. मुलाने वापरलेलेच शब्द, आपल्या भाषेत न सुधारता, दिनांक व वेळेसह लिहून ठेवावेत. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ते पाळता येत नाही.

ते पाळता येत नाही याचे कारण कायदा. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ (यासच सामान्यतः पोक्सो म्हणतात) याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचे वा घडण्याचा संभव असल्याचे ज्यास कळेल त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस कळविलेच पाहिजे. मुख्याध्यापकांना सांगितले, संस्थेला कळविले, म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध संस्थेच्या प्रमुखाने कळविला नाही तर एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड. उलट, सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतेही दायित्व येत नाही. ‘खोटे निघाले तर?’ या भीतीने पुष्कळ शिक्षक गप्प राहतात, त्यांनी ही तरतूद वाचावी. खरे-खोटे ठरविणे हे तपासाचे काम आहे, आपले नव्हे. शिक्षण संस्थेतील कर्मचाऱ्याकडून घडलेला अपराध हा कायदा अधिक गंभीर मानतो.

पालकांना पोलीस ठाण्याची धास्ती असते. त्यांना सांगावे की बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षकाहून कमी दर्जाच्या नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावयाचा असतो; त्यास रात्री ठाण्यात ठेवता येत नाही; मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरच करतात आणि त्या वेळी पालक वा विश्वासाचे माणूस जवळ असते. गरज वाटल्यास शिक्षकाने बरोबर जावे. बालकाचे नाव, छायाचित्र, घर, शाळा यांचा सुगावा लागेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मोबाइलवरील गटात ‘आपल्या शेजारच्या शाळेत असे घडले’ म्हणून संदेश पुढे पाठविणारे शिक्षकबंधू याचा विचार करीत नाहीत.

१०९८ हा बालकांच्या मदतीचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक विनामूल्य आहे. दोन्ही क्रमांक बहुतेक शाळांत रंगविलेले असतात, पण बव्हंशी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारावर आणि मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. ते पाण्याच्या टाकीजवळ आणि स्वच्छतागृहाच्या बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून तीन फुटांवर, ठसठशीत अंकांत पुन्हा रंगवावेत; पहिलीच्या मुलांना अंक-ओळखीच्या तासाला तेथे नेऊन तेच अंक वाचावयास लावावे.